मुलांच्या खाण्याची यादी कोण लिहितं?

जुलै २०२५ मध्ये समोसा आणि जिलबी यांच्या इभ्रतीसाठी देशात चार-पाच दिवस घनघोर लढाई झाली. कोणत्या पदार्थात किती तेल आणि किती साखर हे सांगणारे फलक नागपूरच्या 'एम्स'मध्ये लागणार, एवढीच मूळ बातमी. वाहिन्यांवर पोचेपर्यंत तिचं 'सिगारेटसारखा इशारा आता समोशावर' असं झालं. शेवटी केंद्र सरकारला खुलासा करावा लागला, की कोणाच्याही गाडीवरच्या पदार्थावर इशारा छापायचा आदेश नाही, कार्यालयांमध्ये माहितीचे फलक लावण्याची ती सूचना आहे. तोवर व्हायची ती शोभा झाली होती. परदेशी पिझ्झा-बर्गर मोकाट आणि आमच्या जिलबीवर डोळा, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू कॅलऱ्यांचे तक्ते फडकावत होती. त्याआधी मे महिन्यात सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे साखरेची माहिती देणारे फलक, लावायला सांगितलं, तेव्हाही असंच झालं. फलकावर बोलता बोलता गाडी अर्ध्या तासात 'हल्लीच्या आयांना डबा करायचा कंटाळा' या स्थानकावर येऊन थांबली. ज्याच्या वजनाची काळजी म्हणून हे सगळं चाललं होतं, ते मूल दोन्ही वादांत कुठेच नव्हतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मूल जाड होतं ते हावरट असतं म्हणून नाही, आणि आई आळशी असते म्हणून तर नाहीच. समोर येतं त्यातून मूल निवडतं. समोर काय यायचं हे आधी घर ठरवतं, मग गल्ली, शाळा, बाजार आणि सरकार. वाद घालायचाच तर ही यादी कोण लिहितं यावर घालावा. एकटा समोसा चांगला की वाईट हा प्रश्न बिनकामाचा आहे. महिन्यातून एकदा खाल्लेला समोसा कुणाचंच काही बिघडवत नाही.

अमेरिकेत १९२० च्या दशकात क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक प्रयोग केला. नुकत्याच अंगावरून सुटणाऱ्या पंधरा बाळांना त्यांनी आपलं जेवण आपणच निवडू दिलं. ताटल्या समोर मांडायच्या आणि बाळ बोट दाखवेल तेवढंच भरवायचं. आग्रह नाही, कौतुक नाही, भुवई उंचावणंसुद्धा नाही, अशी परिचारिकांना ताकीद होती. मुलांनी चित्रविचित्र जोड्या जमवल्या. कुणी सकाळी कलेजी आणि संत्र्याचा रस घेतला, कुणी काही दिवस एकाच पदार्थाचा ध्यास धरला. पण महिनोन्‌महिने पाहिलं, तर सगळी धडधाकट वाढली. हा प्रयोग आजही सांगितला जातो, तो बहुधा अर्धाच: मुलांना आपल्या शरीराची गरज कळते, त्यांना मोकळं सोडा. उरलेला अर्धा भाग डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवला होता. खरी मेख यादीत होती. समोर येणारे चौतीस पदार्थ सगळे साधे होते: दूध, अंडी, मांस, मासे, फळं, भाज्या, धान्यं. साखर नाही, मिठाई नाही, डबाबंद काही नाही. अशा यादीतून वाईट निवड करायची म्हटलं तरी ती करणार कशी? मुलांना स्वातंत्र्य होतं, पण यादी मोठ्यांनी विचारपूर्वक लिहिली होती. आपल्याकडे आज नेमकं उलटं आहे. यादी दुसराच कुणी लिहून ठेवतो, आणि मुलाने तिच्यातून शहाण्यासारखं निवडावं अशी अपेक्षा आपण बाळगतो.

यावरचा सगळ्यात भक्कम आक्षेप आनुवंशिकतेचा. 'आमच्या घराण्यातच अंगकाठी अशी' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि ते पोकळ नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या माणसांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांच्या अंगाची ठेवण जन्मदात्या आईवडिलांशी जुळली, ज्यांच्या घरी ती वाढली त्या पालकांशी नाही. जुळ्यांचे अभ्यासही तेच सांगतात. घरोघरच्या ताटांचं महत्त्व सांगणाऱ्याला हा पुरावा चुकवून पुढे जाता येणार नाही. एकाच घरात एकाच कढईतलं खाऊन एक भाऊ काटकुळा आणि दुसरा भरलेला, हे आपण पाहतोच.

पण या अभ्यासांनी विचारलेला प्रश्न नीट पाहा. एकसारख्या भोवतालात राहणाऱ्या माणसांमध्ये फरक का पडतो, एवढंच ते सांगतात. सगळ्या समाजाचं वजन तीस वर्षांत वर का सरकलं, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. तीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या पिमा आदिवासींचं उदाहरण पाहा. त्यांचा एक गट ॲरिझोनात आहे, दुसरा सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगराळ भागात. रक्त एक, पण पलीकडचे शेतात राबणारे आणि मका-घेवड्यावर जगणारे, तर अलीकडचे अमेरिकी दुकानांच्या आधाराने. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मेक्सिकोतल्या पिमांमध्ये मधुमेहाचं प्रमाण सुमारे ७ टक्के निघालं आणि ॲरिझोनात ३८. लठ्ठपणातली तफावतही तशीच डोळ्यांत भरणारी. जन्मतः कोणाला किती धोका आहे हे जनुकं ठरवतात, त्या धोक्याचं प्रत्यक्ष काय होणार हे भोवताल ठरवतो. आणि ज्याचा धोका जास्त त्याच्या बाबतीत भोवतालाकडे जास्त लक्ष द्यायचं, की 'घराण्यातच आहे' म्हणून हात झटकायचे?

हा धोका आपल्या वाट्याला किती आलाय, हे पाहायला पुण्याबाहेर जावं लागत नाही. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. आपलं बाळ लांबीला, स्नायूंना, पोटातल्या अवयवांना, सगळ्यालाच कमी. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला रोड, आतून चरबीचं. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. 'आमचा बंड्या कुठे जाड आहे?' असं म्हणणाऱ्या प्रत्येक घराने तो फोटो बघावा.

या अभ्यासातून निघणारी पुढची गोष्ट फारशी बोलली जात नाही, आणि मला तीच मोठी वाटते. मुलाचा पहिला भोवताल म्हणजे आईचं पोट. त्या आईला काय मिळालं हे घरच्या सवयींनी ठरतं: सगळ्यांची पानं उठल्यावर बसायचं, तळाला राहिलेली आमटी आणि उरलेली भाकरी खायची, दूध आधी पोरांना आणि पुरुषांना. ती आई स्वतः लहान मुलगी होती तेव्हाही तिच्या आईच्या घरी हाच क्रम होता. पुण्याच्याच अभ्यासात गरोदरपणी बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे जीवनसत्त्व जास्त असलेल्या बायकांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढच्या मधुमेहाच्या धोक्याची, लक्षणं जास्त दिसली. म्हणजे चौथीतल्या मुलाच्या पोटाच्या घेराचा हिशेब मांडायचा तर तो त्याच्या हातातल्या वेफर्सपासून सुरू होत नाही, बाईने शेवटी जेवायच्या रिवाजापासून होतो. बिघडलेल्या सवयी म्हणून आपण फक्त नव्या सवयींकडे बोट दाखवतो. जुन्यांपैकी ही एक अशी होती की तिचं व्याज अजून फिटतंय.

आता घरातल्या बाकीच्या सवयी. इथे मी पालकांना मोकळं सोडणार नाही. मूल जेवत नाही म्हणून मोबाइल समोर धरून भरवणं हे आता इतकं सर्रास झालंय की हॉटेलात शेजारच्या टेबलावर ते दिसलं तरी कोणी मान वळवत नाही. मुलाची नजर पडद्यावर, तोंड आपोआप उघडतंय, आई घास सरकवतेय. पोट भरलं हे त्याला कळतच नाही, कारण तो जेवतच नसतो, त्याला कोणीतरी भरतंय. पूर्वी काऊ-चिऊ दाखवून भरवायचेच की, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण काऊ उडून जायचा, आणि आजी चार घासांनंतर कंटाळायची. मोबाइल कंटाळत नाही.

दुसरी सवय लाच देण्याची. 'भाजी संपव, मग आइस्क्रीम.' लिॲन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर प्रयोग केले. त्यांच्या प्रयोगांत दिसलं ते असं: अमुक प्यायलास तर बक्षीस, असं सांगितलं की मुलांना ते पेय पूर्वीपेक्षा कमी आवडू लागतं. मुलाचा तर्क सरळ असतो. जे खायला लाच द्यावी लागते ते वाईटच असणार, आणि जे लाच म्हणून मिळतं ते भारी. आपण दुधी भोपळ्याची बदनामी आणि आइस्क्रीमची जाहिरात एकाच वाक्यात उरकतो. कडक बंदीचंही तसंच. डोळ्यांसमोर ठेवून हात लावू न दिलेल्या पदार्थाची ओढ वाढते, हेही त्यांनीच दाखवलं. 'आमच्या घरी साखर बंद' असं अभिमानाने सांगणाऱ्या घरातली मुलं वाढदिवसाच्या पार्टीत केकवर कशी तुटून पडतात, हे एकदा बघा.

आणि मग आजी. सुनांच्या तक्रारीत आजीचा नंबर पहिला: हट्टाने तूप वाढते, 'पोर सुकलंय' म्हणते, ताटात टाकू देत नाही. पण ही आजी कोणत्या महाराष्ट्रातून आली? १९७२ च्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली असेल, नाहीतर फोडणाऱ्या आईच्या हाताला धरून उभी राहिली असेल. रेशनवर आलेली लाल मिलो आणि केंद्रावर मिळणारी सुकडी खाल्लेल्या पिढीला गुटगुटीत नातू हा विजय वाटला तर नवल काय? भरल्या अंगाचं मूल म्हणजे पुढची साथ आली तर टिकेल असं मूल, हा हिशेब त्या काळात अगदी बरोबर होता. परिस्थिती बदलली, हिशेब तोच राहिला. आजीला अडाणी ठरवून काही होणार नाही. तिला सांगायला हवं ते इतकंच, की तिच्या वेळी घास कमी होते म्हणून ताट पुसून खायचं होतं. आज ताटात आधीच जास्त पडतंय, तर कमी वाढा आणि मागेल तर पुन्हा वाढा. अन्न वाया जाऊ न देण्याचा संस्कारही त्यात शाबूत राहतो.

इथवर आल्यावर पालकांवर सगळं ढकलणाऱ्यांना वाटेल, बघा, शेवटी घरच जबाबदार. थोडं थांबा. घर हवेत तरंगत नाही. डोंबिवलीतल्या एका साध्या घरातली संध्याकाळ घ्या. दोघं मुंबईला नोकरीला, परतायला आठ. मूल शाळेतून साडेचारला येतं, साडेपाचला क्लास. मधल्या तासाभरात त्याला कडकडून भूक लागते. शाळकरी मुलाला दिवसातली सगळ्यात मोठी भूक याच वेळी लागते, आणि घरात नेमकं याच वेळी कोणी नसतं. खालच्या वाण्याच्या दुकानात दाराच्या चौकटीला पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा टांगलेल्या असतात, बरोबर मुलाच्या नाकासमोर. डाळ-तांदूळ मागितला तर वाणी आत जातो, हे मात्र हाताला लागतं. पूर्वी सुट्टे नसले की तो वर दोन चॉकलेटंही टेकवायचा, ते यूपीआयने बंद पाडलं (चला, डिजिटल इंडियाचा हा एक आरोग्यविषयक फायदा). पाच रुपयांत त्या मुलाला दुसरं काय मिळतं? केळं मिळेल, पण केळीवाला स्टेशनजवळ. उकडलेलं अंडं मिळेल, पण ते विकणारी गाडी रात्री लागते, तीही बहुधा बारच्या बाहेर. पाच रुपये, पाच मिनिटं आणि एकटं मूल, या बेताला बसेल असं एकच उत्पादन गल्लीत आहे. ते तसं बसावं म्हणून कोणीतरी डोकं लावून, पैसा खर्चून त्याची किंमत, आकार आणि टांगायची जागा ठरवलीय. त्याच्यासमोर आईची इच्छाशक्ती उभी करायची, आणि ती हरली की आईला आळशी म्हणायचं? बाबांचं नाव या चर्चेत निघत नाही, हेही जाता जाता नोंदवतो. रविवारी पिशवीभर फरसाण आणि थंड पेयाची दोन लिटरची बाटली बहुतेक घरांत तेच आणतात.

काळजी घेणाऱ्या आईचीही फसगत होते. वर्षानुवर्षं ती दुधात चॉकलेटी पावडर घालत आली, कारण डब्यावर आणि जाहिरातीत शक्ती आणि उंची होती. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की बोर्नव्हिटासह असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. तोवर दोन पिढ्या ते पिऊन मोठ्या झाल्या होत्या. ज्या घराने पोराच्या भल्यासाठी वरचे पैसे मोजले, त्याच्यावर निष्काळजीपणाचा आरोप कसा करणार?

'आमच्या लहानपणी आम्हीही भजी, वडे, चिवडा खायचो, कोणी जाड नव्हतं.' हा मुद्दा खोटा नाही, आणि त्याच्यातच उत्तर आहे. तेव्हा चकली खायची तर दिवाळी यावी लागायची. भाजणी भाजायची, दळून आणायची, चार बायकांनी दोन दुपारी बसून सोऱ्या फिरवायचा. डबा वर फळीवर, किल्ली आजीकडे. तेल मोजून वापरायचं, पामतेल रेशनच्या रांगेत उभं राहून आणायचं. त्या खाण्याला संयमाने आवर घातला नव्हता, कष्टाने आणि टंचाईने घातला होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, पुढे तळणाचं तेल स्वस्त आणि मुबलक झालं. वर्षाला माणशी साधारण १२ किलो तेल पुरे असं पोषणतज्ज्ञ सांगतात, देशातला वापर आज १९ किलोंच्या पुढे गेलाय. चकली तीच, पण आता ती बारा महिने चोवीस तास पाकिटात. आणि खेळ? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. सोसायटीच्या आवारात मैदानाच्या जागी पार्किंग, आणि त्याच्या भिंतीवर 'येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी, बहुधा लहानपणी दिवसभर गल्लीत हुंदडलेल्या कमिटी मेंबरने लावलेली.

एक आक्षेप मला मनापासून अडवतो. मेळघाटात, मोखाड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर पोरं अन्नावाचून खंगतात आणि तुम्ही ठाण्यातल्या जाड मुलांचं काय घेऊन बसलात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुंटलेली (वयाच्या मानाने उंची कमी) आणि २५ टक्क्यांहून जास्त लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) होती. जास्त वजनाची मुलं ४.१ टक्के. आकडे असे असताना पहिली काळजी कोणाची करायची हे सांगायला नको. पण त्याच पाहणीच्या आधीच्या फेरीत, २०१५–१६ मध्ये, जास्त वजनाची मुलं १.९ टक्के होती. म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट, आणि खुंटलेली मुलं होती तिथेच. एक संकट गेलं आणि दुसरं आलं असं झालेलं नाही. पहिल्याने बूड हलवलं नाही तोच दुसरं शेजारी येऊन बसलं. युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं, की जगात ५ ते १९ वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचं प्रमाण (९.४ टक्के) आता कमी वजनाच्या मुलांच्या (९.२ टक्के) पुढे गेलंय. शिवाय ही दोन वेगळी मुलं आहेत हा समजच चुकीचा. पुण्याचा अभ्यास हेच तर सांगतो, की आज पोटात उपाशी राहिलेलं बाळ उद्या चरबी साठवणारा तरुण होतं. पाच रुपयांचं पाकीट पाड्यापर्यंत पोचलंय. तिथे त्याने अंडं आणि डाळीची जागा घेतली तर एकच मूल दोन्ही बाजूंनी मार खातं. यादी कोण लिहितं हा प्रश्न मोखाड्याला ठाण्याइतकाच लागू आहे.

दुसरा आक्षेप त्याहून नाजूक आहे. मुलांच्या वजनावर बोलायला लागलं की वर्गातल्या एखाद्या पोराचा 'ढब्ब्या' होतो, आणि नववी-दहावीतल्या मुली डबा तसाच परत आणायला लागतात. ही भीती खरी आहे. म्हणून तर मुलाला वजनकाट्यावर उभं करून चारचौघांत आकडा वाचू नये, असं माझं ठाम मत आहे. यादीबद्दल बोलण्याचा हा मोठा फायदा आहे, तिच्यात कोणा एकाचं नाव नसतं. शाळेच्या कँटीनमध्ये काय मिळतं हे बदललं, तर ते काटकुळ्यासाठीही बदलतं आणि गुबगुबीतासाठीही. कोणाकडे बोट दाखवावं लागत नाही.

उरला तो 'आता सरकार आमच्या ताटात डोकावणार का' हा सवाल. सत्तरेक वर्षांपूर्वी आजच्या हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात घराघरांत गलगंड होता. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तिथे १९५६ पासून अभ्यास केला. काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागात साधंच. काही वर्षांत आयोडीनच्या भागात गलगंड झपाट्याने ओसरला. कांगड्याच्या आयांना कोणी शिस्त शिकवली नव्हती, स्वयंपाकही बदलायला लावला नव्हता. मीठ बदललं होतं. साखर आणि तेलाचं प्रकरण मिठाइतकं सोपं नाही, हे कबूल. इथे एक घटक घालायचा नसून कितीतरी गोष्टी कमी करायच्या आहेत, आणि त्या विकणारे गप्प बसणार नाहीत. पण ते अशक्यही नाही. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, त्यांच्यावरची कार्टून काढायला लावली आणि शाळांतून ती हद्दपार केली. पुढे तिथे शिक्केवाल्या गोड पेयांची खरेदी जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटली. ब्रिटनने गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणात कर लावायचं २०१६ मध्ये जाहीर केलं, आणि २०१८ मध्ये तो लागू होण्याआधीच निम्म्याहून जास्त उत्पादकांनी साखर कमी केली. तिथल्या मुलांनी कोणताच संयम दाखवला नव्हता. त्यांच्यासमोरचं पेयच कमी गोड झालं होतं.

आणि सरकारने मुलांच्या खाण्यात पडू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे ध्यानात घ्यावं की ते केव्हाच पडलेलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, चॉकलेटं, नमकीन आणि इन्स्टंट नूडल्स यांच्यावरचा जीएसटी १२-१८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्राने शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा निधी थांबवला, हवं तर शाळांनी लोकवर्गणीतून करावं असं सांगितलं. तमिळनाडूत शाळेतल्या मुलाला आठवड्याला पाच अंडी मिळतात. बिस्किट स्वस्त आणि अंडं वर्गणीवर, हा यादी लिहिण्याचाच प्रकार आहे. फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही.

नियमांचा तुटवडाही नाही. मे २०१७ मध्येच राज्य सरकारने शाळेच्या उपाहारगृहांतून जंक फूड बंद करायचा निर्णय काढला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत. कोणत्याही शाळेच्या सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहा. फ्रँकीची गाडी, चायनीज भेळेचा स्टोव्ह, बर्फाचा गोळा आणि पाकिटांच्या माळा पन्नास मीटर सोडा, पन्नास पावलांतही सापडतील. त्या गाडीवाल्याला हाकलून लावणं हा सोपा आणि निर्दयी उपाय झाला. त्यालाच तिथे उकडलेले चणे, शेंगा, मक्याचं कणीस, केळी, अंडी विकायला जागा आणि परवाना दिला तर तो विकेल. त्याला धंद्याशी मतलब, पाकिटाशी नाही.

हे कोण घडवून आणणार? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि निम्म्या बायका. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. या बैठकांमध्ये आजवर गणवेशाचा रंग, सहलीची वर्गणी आणि स्नेहसंमेलनाचा पाहुणा यावर तासन्‌तास चर्चा होते. पुढच्या बैठकीत कँटीनच्या ठेकेदाराचा करारनामा मागवून घ्यावा. पदार्थांची यादी त्यात कोणी घातली आणि बदलायची तर कोणाच्या सहीने, हे विचारावं. मैदानाचा तास गणिताला कोणी आणि कधी दिला, हेही विचारावं. आणि साडेचार ते साडेपाच या वेळात शाळेच्या आवारातच मूठभर चणे आणि एक केळं मिळण्याची सोय किती रुपयांत होते, याचा हिशेब तिथेच बसून करावा.